पोडायट्रीचा अर्ज भरण्याआधी: शॅडोइंग कुठे, कसं आणि किती?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये काय किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये काय, मराठी घरात मुलीने ‘मी पोडायट्रीला अर्ज करतेय’ असं सांगितलं की पहिली दाद ठरलेली असते: ‘अरे वा, लहान मुलांची डॉक्टर होणार!’ मग खुलासा करावा लागतो की ते पीडियाट्रिक्स. हे पोडायट्री, म्हणजे पावलांचं शास्त्र. खोलीत क्षणभर शांतता पसरते. तेवढ्यात भारतातून आलेली आजी सपाता काढते आणि पाऊल पुढे करते, ‘मग हे कुरूप बघ गं जरा.’

आजीने नकळत प्रवेश समितीचंच काम केलेलं असतं. दुसऱ्याचं पाऊल समोर धरलं आणि नातीचा चेहरा पाहिला. समितीलाही तेवढंच जाणून घ्यायचं असतं, फक्त कागदावर. त्याचं उत्तर मिळतं शॅडोइंगमधून, म्हणजे काम करणाऱ्या पोडायट्रिस्टच्या मागे उभं राहून काढलेल्या तासांमधून.

या तासांबद्दलचे प्रश्न मात्र दर वर्षी तेच असतात. किती तास लागतात? फिजिओथेरपिस्टकडे काढलेले चालतील का? पुण्यातल्या डायबेटिक फूट क्लिनिकमधले? काकांच्या ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र जोडलं तर? आणि मुळात हे शॅडोइंग म्हणजे इंटर्नशिप, नोकरी की सेवाकार्य?

हा निर्णय लवकरचा आहे

अमेरिकेत पोडायट्रिस्ट होण्यासाठी, सहसा बॅचलर्स पदवीनंतर, चार वर्षांचा ‘डॉक्टर ऑफ पोडायट्रिक मेडिसिन’, म्हणजे डीपीएम, हा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यानंतर तीन वर्षांची रेसिडेन्सी. भारतातल्या घरांत हे पटकन पचत नाही, कारण आपल्याला सवय आहे ती आधी एमबीबीएस आणि मग शाखा या क्रमाची. इथे शाखा पहिल्याच दिवशी ठरते. एमडीच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी मेडिसिन, सर्जरी, बालरोग, मानसोपचार असे सगळे विभाग फिरायला मिळतात आणि तो नंतर निवड करतो. पोडायट्रीच्या विद्यार्थ्याने ती निवड वर्गात पाऊल टाकण्याआधीच केलेली असते. म्हणून शॅडोइंगला इथे जास्त वजन आहे. चार वर्षांची फी भरण्याआधी हा व्यवसाय चाखून पाहण्याची तेवढी एकच संधी मिळते.

डीपीएम देणारी कॉलेजं अमेरिकेत अकरा आहेत: न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, एरी, क्लीव्हलँडजवळचं केंट स्टेट, शिकागोजवळचं शोल, डे मॉइन, मायामीजवळचं बॅरी, टेक्सासातलं हार्लिंजन, अॅरिझोनातलं मिडवेस्टर्न आणि कॅलिफोर्नियात दोन, ओकलंडजवळचं सॅम्युअल मेरिट आणि पोमोनातलं वेस्टर्न. शोल म्हणजे तेच, औषधांच्या दुकानातल्या पिवळ्या-निळ्या पाकिटावरचे डॉक्टर शोल. त्यांनी १९१२ मध्ये शिकागोत काढलेल्या संस्थेचा हा वारसा. प्रवेशासाठी पोडायट्री कॉलेजांच्या संघटनेचा एकच सामायिक ऑनलाइन अर्ज असतो. तो ऑगस्टमध्ये उघडतो. जसजसे अर्ज येतात तसतशा मुलाखती होतात आणि जागा भरत जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेवर विसंबून राहणं महागात पडतं. शॅडोइंगचे बहुतेक तास त्याआधीच्या उन्हाळ्यापर्यंत पुरे झालेले बरे.

ब्रिटनचा विचार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. तिथे पोडायट्री ही बारावीनंतरची बीएस्सी पदवी आहे आणि नोंदणी आरोग्य व्यवसाय परिषदेकडे होते. तिथली प्रवेशपद्धत निराळी आहे. पुढचं सारं अमेरिकेबद्दल आहे.

किती तास?

एकच आकडा नाही. काही कॉलेजं शॅडोइंग ‘आवश्यक’ म्हणतात, काही ‘आवर्जून सुचवतात’. काहींना एखाद्या डीपीएमचं शिफारसपत्र लागतंच, काहींना ते असल्यास उत्तम वाटतं. हे नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून सीनियरने सांगितलेला आकडा डायरीत लिहून ठेवू नका. अर्ज करायच्या वर्षी प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आकड्यामागे धावण्यात एक तोटाही आहे. एकाच दवाखान्यात दीडशे तास बसलेल्या मुलाने बहुधा एकाच प्रकारचे पाय दीडशे तास पाहिलेले असतात. त्याऐवजी तीन वेगळ्या ठिकाणी तीन-चार दिवस काढलेल्या मुलीला मुलाखतीत बोलायला कितीतरी जास्त असतं. शक्य असेल तर ही तीन ठिकाणं साधा:

- खासगी दवाखाना. नखं, घट्टे, कुरूपं, टाचदुखी, खेळाडूंच्या दुखापती, बुटांत घालायचे ऑर्थोटिक्स. रोजचा धंदा इथे दिसतो, विम्याच्या कटकटींसकट.
- जखमांचा दवाखाना किंवा मोठं हॉस्पिटल. मधुमेहातल्या चिघळलेल्या जखमा आणि पाय वाचवण्याची धडपड. माजी सैनिकांच्या व्हीए हॉस्पिटलांत हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथे कागदपत्रं पुष्कळ लागतात, पण पाहायला तेवढंच पुष्कळ मिळतं.
- ऑपरेशन थिएटर. निदान अर्धा दिवस. अनेकांना सर्जरी करायची असते म्हणून ते पोडायट्रीकडे येतात. थिएटरात उभं राहिल्यावर काहींचा उत्साह दुप्पट होतो आणि काहींचा पूर्ण मावळतो. दोन्ही अनुभव कामाचेच.

फिजिओथेरपिस्ट, ऑर्थोपेडिक सर्जन किंवा बूट-ऑर्थोटिक्स बनवणाऱ्यांकडचे तास अर्जात जरूर लिहा, पण डीपीएमच्या तासांच्या जागी ते चालत नाहीत. काकांच्या ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र तर अजिबात नको. त्या डॉक्टरांनी तुम्हाला पायांकडे पाहताना पाहिलेलंच नसतं.

एक सकाळ, जवळून

सव्वाआठ वाजता पहिली पेशंट आत येते. सत्तरी ओलांडलेली, वीस वर्षांचा मधुमेह. डॉक्टर तिला डोळे मिटायला सांगतात आणि एका दांडीला लावलेला नायलॉनचा जाड धागा तळव्याला टेकवून जरासा वाकवतात. ‘लागलं की हो म्हणा.’ अंगठा: हो. बोटांखालची गादी: शांतता. करंगळीखाली: शांतता. धागा दहा ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढंही जाणवलं नाही, तर बुटात खडा गेला तरी तिला कळणार नाही. संरक्षक संवेदना गेली, असं डॉक्टर लिहून घेतात.

मोनोफिलामेंट नावाच्या त्या धाग्यामागे एक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडून जाते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी एक गोष्ट ठामपणे मांडली: बोटं झडतात ती थेट रोगजंतूंमुळे नव्हे, तर वेदना हरवल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांमुळे. १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग केंद्रात गेले. बधिर पाय जपण्याची तिथे घडलेली रीत पुढे मधुमेही पायांच्या उपचारात आली. या धाग्याची चाचणी आणि जखमेवरचा भार वाटून देणारं घट्ट बसणारं प्लास्टर या दोन्हींच्या मागे कारव्हिलचं काम आहे. मुलाखतीत ‘पोडायट्रीच का?’ या प्रश्नाला आनंदवनातल्या कुष्ठसेवेसारखं काम ऐकत-पाहत वाढलेल्या मराठी मुलामुलींकडे देण्यासारखं अस्सल उत्तर आहे, पण ते तेव्हाच द्या जेव्हा धागा प्रत्यक्ष वाकताना पाहिला असेल.

दुसरा पेशंट सतरा वर्षांचा फुटबॉलपटू. अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं, कडेला लालबुंद सूज आणि पू. आपण ज्याला नखुर्डं म्हणू त्याचाच भाऊबंद. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी भूल दिली जाते. सुई आत जाताना मुलगा छताकडे पाहतो आणि आई मुलाकडे. मग रबराचा पट्टा, नखाखाली सरकवलेलं चपटं हत्यार, नखाची उभी चीर, आणि चिमट्याने ओढल्यावर बाहेर आलेली ती पट्टी, वाटली होती त्याच्या दुप्पट लांब. नख पुन्हा तिथून उगवू नये म्हणून मुळाशी फिनॉलचा बोळा. त्याचा वास नाकात बराच वेळ राहतो. ज्यांना चक्कर येते त्यांना ती इथे येते, सर्जरीत नव्हे.

तिसरी खोली जखमेची. तळव्यावर रुपयाएवढं भोक, भोवती पांढरा घट्टा. डॉक्टर स्कॅल्पेलने घट्टा सोलत जातात, रक्त येतं, आणि पेशंट फोनवर बेसबॉलचा स्कोअर पाहत असतो. त्याला काही जाणवतच नाही. बघणाऱ्याला त्या शांततेची भीती वाटली, तर तो दिवस वाया गेलेला नाही.

मधल्या वेळात कागद. मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमायोजना निरोगी माणसाची नखं कापायचे पैसे देत नाही. संवेदना गेलेल्या मधुमेह्याच्या पायांची तपासणी सहा महिन्यांतून एकदा मान्य करते. खास बुटांचा वर्षाला एक जोड आणि त्यातल्या गाद्यांचे तीन जोड मिळतात, पण ‘या माणसाला मधुमेह आहे आणि बूट लागतात’ असं प्रमाणपत्र मधुमेहावर उपचार करणाऱ्या फिजिशियनने द्यायचं असतं. ते आणवण्यासाठी पोडायट्रिस्टच्या दवाखान्यातून फॅक्सवर फॅक्स सुटतात. हेही पाहा. व्यवसायाचा अर्धा दिवस त्यातच जातो आणि कॉलेजच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो नसतो.

डॉक्टर शोधायचे कसे?

मराठी कुटुंबाची पहिली धाव ओळखीकडे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात डॉक्टर ढीगभर भेटतात, पण त्यांत पोडायट्रिस्ट शोधायला फिरावं लागतं. तरी विचारायला हरकत नाही: बहुतेक फॅमिली डॉक्टर आपले मधुमेही रुग्ण कुठल्या ना कुठल्या पोडायट्रिस्टकडे पाठवत असतातच, आणि त्यांच्या नावाने केलेला फोन लवकर उचलला जातो.

बाकीचे रस्ते असे:

- कॉलेजांच्या संघटनेकडे विद्यार्थ्यांना सोबत घ्यायला तयार असलेल्या डीपीएमची यादी असते. ती मागा.
- अमेरिकन पोडायट्रिक मेडिकल असोसिएशनच्या संकेतस्थळावर पिनकोडनुसार डॉक्टर शोधता येतात.
- पोडायट्री कॉलेजांचे स्वतःचे दवाखाने असतात. न्यू जर्सीत एकही पोडायट्री कॉलेज नाही, पण एडिसनहून एका दिशेला न्यूयॉर्क आणि दुसरीकडे फिलाडेल्फिया रेल्वेच्या टप्प्यात आहे. कॉलेजांचे भेटदिन चुकवू नका.

ईमेलपेक्षा फोन बरा आणि फोनपेक्षा प्रत्यक्ष जाणं. फोनवर डॉक्टर येणार नाहीत. रिसेप्शनवरच्या बाई किंवा ऑफिस मॅनेजर येतील, आणि होकार-नकार बऱ्याचदा त्यांच्याच हाती असतो. सकाळी उघडताना आणि सोमवारी फोन करू नका. नाव, कॉलेज, कुठल्या वर्षी अर्ज करणार, कोणते दोन-तीन दिवस मोकळे आहेत आणि ‘मी फक्त पाहीन, हात लावणार नाही’ एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. ‘कितीही दिवस, केव्हाही’ असं म्हणणाऱ्याला कोणी बोलावत नाही. ‘दहा आणि अकरा जूनची सकाळ’ म्हणणाऱ्याला बोलावतात. दहा ठिकाणी विचारून दोन होकार आले तर ते चांगलं समजा.

पैसे घेऊन शॅडोइंग ‘लावून देणाऱ्या’ मध्यस्थांपासून लांब राहा. ही गोष्ट अमेरिकेत फुकट मिळते. विकत घेतलेल्या तासांना समिती तेवढीच किंमत देते.

कागदपत्रं: बीसीजीचा घोटाळा

खासगी दवाखान्यात एखाद्या सहीवर काम भागतं. हॉस्पिटल मात्र वय अठरा पूर्ण असल्याचा पुरावा, लसीकरणाचे दाखले, फ्लूची लस, गुप्ततेचं छोटं प्रशिक्षण आणि क्षयाची तपासणी मागतं. शेवटच्या गोष्टीत भारतात जन्मलेली मुलं हमखास अडकतात. लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे हातावरची क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, मग पत्र, मग दोन आठवडे गेले. बीसीजी घेतलेली असेल तर पहिल्यांदाच रक्ताची इग्रा चाचणी मागा. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेचाही अशा लोकांसाठी हाच कल आहे. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांचे जुने दाखले घरच्या कपाटात सापडले नाहीत, तर प्रतिपिंडांची रक्तचाचणी चालते. हे सगळं जायच्या महिनाभर आधी सुरू करा.

आत गेल्यावर

पेशंटला आधी विचारलं जातं, ‘ही विद्यार्थिनी थांबली तर चालेल का?’ नाही म्हटलं तर बाहेर, चेहरा न पाडता. पेशंटला कारण सांगावं लागत नाही.

बंद बूट घाला, अत्तर नको, सकाळी पोटभर खाऊन जा. नखं घासायच्या यंत्राची बारीक भुकटी उडते, तेव्हा मास्क मागून घ्या. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर बहाद्दुरी न दाखवता भिंतीला टेकून खाली बसा. डॉक्टरांनी हे पूर्वी पाहिलेलं असतं, आणि पडून डोकं फोडून घेतलेला विद्यार्थी त्यांना जास्त महागात पडतो. थिएटरमध्ये निळ्या कापडाच्या जवळ जाऊ नका, निळं ते निर्जंतुक. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड, म्हणजे बनियन, सरळ करताना मधूनमधून सी-आर्मने एक्स-रे घेतले जातात. शिशाचा एप्रन घातल्याशिवाय आत उभं राहायचं नाही.

प्रश्न विचारायचे ते खोलीबाहेर. पेशंटसमोर ‘पाय कापावा लागेल का?’ असं विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही.

आणि गुप्तता. १९९६ च्या हिपा कायद्याने पेशंटची माहिती बाहेर नेता येत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी मराठी मुलांची चूक इन्स्टाग्रामवर होत नाही, जेवणाच्या टेबलावर होते. गणपतीत आरती म्हणणाऱ्या मंडळातल्या काकू दवाखान्यात दिसल्या, तर ते आईलासुद्धा सांगायचं नाही. ‘त्यांचं साधंच होतं गं’ हेही नाही.

तुमचे हक्क, तुमच्या मर्यादा

- तुम्ही कामगार नाही. फोन घेणं, फाइली लावणं, बिलं करणं हे रोज करायला सांगितलं जात असेल, तर ती नोकरी झाली आणि नफ्यासाठी चालणाऱ्या दवाखान्यात तिला पगार असतो. नोकरी म्हणून घ्यायची तर खुशाल घ्या, अर्जात ती वेगळ्या रकान्यात चांगली दिसते. पण शॅडोइंगच्या नावाखाली फुकट नको.
- तुम्ही डॉक्टर नाही. ‘ये, एक टाका घालून बघ’ असं प्रेमाने म्हटलं तरी नम्र नकार द्या. परवाना नसताना पेशंटवर केलेल्या उपचाराचा किस्सा मुलाखतीत सांगितला, तर समितीच्या कपाळावर आठ्या पडतात.
- तुम्ही दुभाषी नाही. भारतातून आलेल्या एखाद्या आजोबांना इंग्रजी जमत नाही आणि सगळे तुमच्याकडे पाहतात. ‘कसे आहात?’ एवढं बोलायला हरकत नाही. पण ऑपरेशनची संमती समजावून सांगायची असेल तर पात्र दुभाष्या आणणं ही हॉस्पिटलची कायदेशीर जबाबदारी आहे.
- तुम्ही केव्हाही थांबू शकता. कुणी अपमान करत असेल, तुम्हाला अवघडल्यासारखं वाटेल असं वागत असेल, तर ‘उद्यापासून येणार नाही’ एवढं ऑफिस मॅनेजरला लिहून कळवणं पुरे. त्या डॉक्टरांचं पत्र घेणं बंधनकारक नाही.

भारतात असाल किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर

भारतात डीपीएम ही पदवी नाही. मधुमेही पायांचं काम तिथे जनरल सर्जन, मधुमेहतज्ज्ञ, प्लास्टिक आणि ऑर्थोपेडिक सर्जन वाटून घेतात. कोचीच्या अमृता हॉस्पिटलसारख्या मोजक्या ठिकाणी पोडायट्रिक सर्जरीचा वेगळा विभाग आहे. पुण्या-मुंबईतल्या डायबेटिक फूट क्लिनिकमध्ये महिनाभर पाहून आलात तर ते सोनं समजा. अनवाणी देवदर्शनाला जाऊन तापलेल्या फरशीवर भाजलेले तळवे, बधिर पायातून निसटलेली आणि मालकाला न कळलेली चप्पल, हे अमेरिकेतल्या मुलांना दिसत नाही. फक्त ते ‘आरोग्यसेवेचा अनुभव’ म्हणून लिहा. डीपीएम शॅडोइंग म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या पोडायट्रिस्टचं काम पाहिलं आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

एफ-वन व्हिसावर शिकत असाल तर नुसतं पाहायला सहसा अडचण येत नाही, पण सुरू करण्याआधी आपल्या विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याला लेखी विचारा. रिसेप्शनवर मदत केली, पैसे घेतले नाहीत, तरी ते परवानगीविना केलेलं काम ठरू शकतं. परदेशी गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि काही कॉलेजांना विज्ञानाचे काही विषय अमेरिकेतच केलेले हवे असतात. शॅडोइंगवर उन्हाळा घालवण्याआधी हे तपासा, नाहीतर तास जमतात आणि अर्ज अडतो.

वही आणि पत्र

रोज संध्याकाळी, घरी पोचल्यावर, तीन ओळी लिहा. तारीख, ठिकाण, तास, डॉक्टरांचं नाव; मग काय पाहिलं आणि काय कळलं नाही. पेशंटचं नाव, गाव, चेहऱ्याची खूण काही नको. ‘वयस्क रुग्ण, टाचेची जखम, प्लास्टर तिसऱ्यांदा’ एवढं बस. अर्जात प्रत्येक अनुभवाचे तास आणि देखरेख करणाऱ्याचा संपर्क भरायचा असतो. वर्षभरानंतर अंदाजाने भरलेला आकडा आणि डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी सांगितलेला आकडा जुळला नाही, तर खुलासा करणं अवघड जातं.

डॉक्टरांना काय विचारावं? ‘तुम्हाला हे का आवडतं’ हे सगळेच विचारतात. त्यापेक्षा विचारा, पुन्हा निवडायचं असतं तर हेच निवडलं असतं का. कर्ज फेडायला किती वर्षं लागली. या राज्यात तुमचा चाकू कुठपर्यंत चालतो. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पोडायट्रिस्टने काय करावं हे राज्य ठरवतं. न्यूयॉर्कमध्ये पात्र पोडायट्रिस्टना घोट्याच्या शस्त्रक्रियेची मुभा मिळाली ती २०१४ मध्ये. व्हीए हॉस्पिटलांत त्यांना इतर डॉक्टरांच्या बरोबरीचा दर्जा देणारा कायदा तर २०१८ चा. जुन्या डॉक्टरांना या लढाया आठवतात, आणि एकदा बोलू लागले की ते थांबत नाहीत.

शिफारसपत्र मागायचं ते शेवटच्या दिवशी, समोरासमोर, आणि असं: ‘तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं पत्र लिहिण्याइतकं दिसलं असं वाटतं का?’ त्यांना टाळायचं असेल तर या प्रश्नात वाट असते. कोरडं पत्र नसलेल्या पत्रापेक्षा वाईट. नात्यातले पोडायट्रिस्ट असतील तर त्यांच्याकडे शिका, पत्र मात्र दुसऱ्याकडून घ्या. अर्जात ‘हे पत्र वाचण्याचा हक्क सोडता का’ असा प्रश्न येतो. तो हक्क कायद्याने तुमचा आहे आणि सोडण्याची सक्ती नाही. पण हक्क सोडलेल्या पत्रावर समितीचा जास्त विश्वास बसतो, म्हणून बहुतेक जण सोडतात.

दोन आठवड्यांत पाठ दुखली, वासाने मळमळलं, फॅक्स आणि नखं यांनी जीव कंटाळला, तर अर्ज करू नका. तेवढ्यासाठीच गेला होतात. मंडळात ‘पोडायट्री सोडली का?’ असं विचारणारे भेटतील. त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यात अजून लहान मुलांचा डॉक्टरच असेल.

अर्ज करायचं ठरलं, तर आभाराचं पत्र हाताने लिहा, जुलै संपायच्या आत टाका, आणि त्यात रिसेप्शनवरच्या बाईंचं नाव विसरू नका. तुमचा फोन त्यांनीच उचलला होता.